६५,५३६ : यादी कुठे तुटली, आणि मी कुठे चुकलो

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. एक्सेलच्या फाईलचा इतिहास आहे म्हटल्यावर काही जण इथूनच पुढे सरकतील. पण ज्यांनी आयुष्यात एकदा तरी तहसील कचेरीत "तुमचं नाव यादीत नाही" हे वाक्य ऐकलंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि यात माझी स्वतःची एक चूकही आहे, ती कबूल करायची राहून गेली होती.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईची यादी लागली. गावोगावच्या ग्रामपंचायतीत कागद चिकटवले. नाव बघायचं आणि आठ दिवसांत आधार, पासबुकाची झेरॉक्स जमा करायची. तीन गावांत मात्र यादीच आली नाही. त्या तिन्ही गावांचं नाव 'ह' वरून सुरू होतं, पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. लोक कचेरीत हेलपाटे घालायला लागले. एक आप्पा सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहायचे. मी फोटो काढला, दोन-चार जणांशी बोललो आणि बातमी ठोकली. तीन गावं यादीतून वगळली, तलाठ्याचा हलगर्जीपणा. दुसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेबांना कारणे दाखवा नोटीस निघाली. मला वाटलं, बातमीचा परिणाम झाला.

तीन दिवसांनी कचेरीतल्या कंत्राटी ऑपरेटर पोराचा फोन आला. "दादा, जरा येऊन जा. बातमी चुकलीय."

त्यानं फाईल उघडून दाखवली आणि कंट्रोल दाबून खालचा बाण दाबला. कर्सर एकदम तळाला गेला. ओळ क्रमांक ६५,५३६. त्याच्या खाली काहीच नाही. नवी ओळ घालायलाही जागा नाही. शेवटचं नाव 'सो' वरून सुरू होणाऱ्या एका गावातलं होतं, आणि त्या गावाचीही यादी मधेच तुटलेली. त्याच्या पुढची, म्हणजे 'ह' वरची गावं गायब.

भाऊसाहेबांनी पंचनामे वेळेत भरले होते. वरच्या संगणकात तिन्ही गावांतली सगळी नावं होती. एकूण ओळी ६९ हजारांवर. शेतकरी तेवढे नव्हेत हो, यादी गटनिहाय होती, त्यामुळे एकेका खातेदाराच्या दोन-तीन ओळी. नावं गेली ती वरच्या संगणकातून आमच्या कचेरीतल्या जुन्या संगणकावर येताना.

हे असं कसं होतं, याच्या मागे लागलो तेव्हा पन्नास वर्षांचा इतिहास हाती लागला.

सरकारी काय, बँकेची काय, मोठी माहिती ठेवायची जागा म्हणजे डेटाबेस. आज आपण ज्याला डेटाबेस म्हणतो त्याचा पाया १९७० साली एडगर कॉड या गणितज्ञानं घातला. माणूस मूळचा इंग्लंडचा, नोकरी अमेरिकेत आयबीएममध्ये. त्याचं म्हणणं साधं होतं. माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवा, आणि ती संगणकात नेमकी कुठं पडलीय याची काळजी विचारणाऱ्याला नको. मग त्याच कंपनीत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये असे तक्ते विचारायची भाषा मांडली. तिचं पहिलं नाव सीक्वेल, पुढं एसक्यूएल झालं. "अमुक तालुक्यातले, ३३ टक्क्यांवर नुकसान झालेले, गावाच्या क्रमानं दाखव" असा प्रश्न या भाषेत टाकायचा, की उत्तर येतं. या प्रश्नाला म्हणायचं क्वेरी.

दुसरीकडे एक वेगळंच पोर वाढत होतं. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला फळ्यावरचा हिशेब बघून सुचलं, की एक आकडा बदलला तर बाकीचे आपोआप बदलले पाहिजेत. त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' आणलं. ही पहिली गाजलेली स्प्रेडशीट. २५४ ओळी, ६३ रकाने. किराणा दुकानाची वही म्हणा. १९८३ मध्ये लोटस आलं, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल, १९८७ मध्ये विंडोजवर.

डेटाबेस म्हणजे कचेरीतली रेकॉर्ड रूम. कुलूप, शिस्त, कोणत्या रकान्यात काय बसणार ते आधीच ठरलेलं. स्प्रेडशीट म्हणजे टेबलावरची वही. कुणीही उघडावी, खोडावी, रंगवावी. साहेबाला रेकॉर्ड रूममध्ये जायचं नसतं, त्याला वही हवी असते. म्हणून जगभरच्या प्रत्येक कचेरीत एक बटण आलं : एक्सपोर्ट. क्वेरीचं उत्तर फाईलमध्ये उतरवून द्या.

या दोघांमधला पूल बहुतेक वेळा सीएसव्ही नावाची फाईल असते. म्हणजे स्वल्पविरामानं तोडलेली माहिती, बस्स. ही पद्धत पीसीपेक्षा जुनी, १९७२ मध्ये आयबीएमच्या फोर्ट्रानमध्ये तिचा वापर दिसतो. पण ती नेमकी कशी लिहायची हे कागदावर उतरलं २००५ च्या ऑक्टोबरमध्ये. तोवर जो तो आपल्या मनानं लिहायचा, आणि आजही लिहितो. पत्त्यात एक जादा स्वल्पविराम आला की रकाने सरकतात आणि गावाच्या जागी पिनकोड बसतो.

या पुलावर तीन खड्डे आहेत. तिन्ही आपल्या माणसांना लागलेत.

पहिला खड्डा ओळींचा. जुन्या एक्सेलमध्ये १६,३८४ ओळी मावायच्या. एक्सेल ९७ पासून ६५,५३६ झाल्या. हा आकडा कुणी लहर म्हणून घेतलेला नाही. दोनाला सोळा वेळा मांडून गुणलं की ६५,५३६ येतात, ओळीचा क्रमांक लिहायला संगणकात सोळा घरं ठेवली होती. २००७ च्या एक्सेलनं ही मर्यादा १०,४८,५७६ वर नेली. पण कचेऱ्यांतले संगणक कॅलेंडर बघून बदलत नाहीत. जुन्या एक्सेलमध्ये मोठी सीएसव्ही उघडली तर एक इंग्रजी सूचना येते, की फाईल पूर्ण उघडलेली नाही. खाली ओकेचं बटण. आमच्या पोरानं ते दाबलं. "दादा, रोज वीस सूचना येतात, सगळ्यांना ओकेच म्हणतो." मग फाईल सेव्ह केली आणि गावनिहाय छापली.

हे फक्त आपल्याच तालुक्यात होतं असं वाटत असेल तर इंग्लंडचं ऐका. २०२० मध्ये कोरोना ऐन भरात असताना प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाईली यायच्या. सरकारी आरोग्य संस्था, पब्लिक हेल्थ इंग्लंड, त्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये उतरवून पुढं पाठवायची. तिथंही एका रुग्णाच्या अनेक ओळी, त्यामुळे एका फाईलमध्ये सुमारे १,४०० रुग्ण झाले की जागा संपायची. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून गळाले. त्या रुग्णांना स्वतःचा रिपोर्ट मिळाला होता. पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधणाऱ्यांकडे ही नावं वेळेत गेलीच नाहीत. आरोग्यमंत्र्यांना ५ ऑक्टोबरला संसदेत उभं राहून उत्तर द्यावं लागलं. पुढं अर्थतज्ज्ञांनी अभ्यास करून या गळतीमुळं वाढलेल्या संसर्गाचा अंदाज मांडला, तो लाखाच्या वर आहे. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण गळालेली ओळ म्हणजे गळालेला माणूस, एवढं त्यातून कळतं.

दुसरा खड्डा अंदाजाचा. डेटाबेसला माहीत असतं की हा खाते क्रमांक आहे, हा आकडा बेरीज-वजाबाकीचा नाही. सीएसव्हीमध्ये ही ओळख पुसली जाते. मग एक्सेल स्वतःच अंदाज बांधतं. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडवतं. पंधरापेक्षा जास्त अंक असले तर सोळाव्यापासून पुढं शून्य लिहितं, म्हणजे सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक खलास. आणि आपल्या शेतकऱ्याचा गट नंबर ५/२ असला तर ती ५ फेब्रुवारी होते! गंमत म्हणून एक्सेलच्या घरात ७/१२ टाईप करून बघा. सातबारा दिसत नाही, तारीख दिसते.

हसू नका, मोठमोठे शास्त्रज्ञ यात अडकलेत. माणसाच्या काही जनुकांची नावं अशी होती की एक्सेल त्यांना मार्च आणि सप्टेंबर महिन्यांच्या तारखा समजायचं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं, तर ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या होत्या त्यातल्या साधारण पाचव्या हिश्शात अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. म्हणजे वहीची सवय सुटेना, म्हणून माणसाच्या जनुकानं नाव बदललं. पण गट नंबरनं नाव कसं बदलायचं?

तिसरा खड्डा मराठीचा. सीएसव्ही फाईल कोणत्या लिपीसंकेतात लिहिलीय हे फाईल स्वतः नीट सांगत नाही. एक्सेलचा अंदाज चुकला की 'पाटील' च्या जागी विचित्र खुणांची रांग दिसते. मग ऑपरेटर काय करतो? नावं पुन्हा हातानं टाईप करतो. तिथं पाटीलचा पाटिल होतो, आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून पैसे अडकतात.

आता याचा आपल्या हक्काशी काय संबंध? आहे. माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला पूर्ण लागू झाला. म्हणजे सीएसव्हीचे नियम कागदावर आले त्याच महिन्यात. त्याच्या कलम २(ञ) मध्ये स्पष्ट आहे, की माहिती संगणकात असेल तर डिस्केट, फ्लॉपी, टेप किंवा इतर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ती मिळवण्याचा हक्क नागरिकाला आहे. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत फ्लॉपीचा दरही लिहिलाय, ५० रुपये. फ्लॉपी गेली, हक्क राहिला. तरी आपण अर्ज करतो आणि छापील गठ्ठा घेऊन येतो. कागदावर बेरीज करता येत नाही, गाळणी लावता येत नाही, आणि कोणती ओळ गळली ते तर अजिबात दिसत नाही.

निवडणूक रोख्यांचं आठवा. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि माहिती उघड करायला सांगितलं. स्टेट बँकेनं आधी ३० जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयानं ती नाकारली. १८,८७१ खरेदी झालेल्या रोख्यांची माहिती आली ती पीडीएफमध्ये, आणि घेणारे एका यादीत, वटवणारे पक्ष दुसऱ्या यादीत. रोख्याचे क्रमांक २१ मार्चला आले. देशभरच्या पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी पीडीएफमधून ओळी काढून स्प्रेडशीटमध्ये घातल्या, क्रमांक जुळवले, तेव्हा कुणी कुणाला दिले ते लोकांसमोर आलं. माहिती तीच. पण ती कोणत्या फाईलमध्ये देता यावर लोकांना ती वाचता येते की नाही हे ठरतं.

म्हणून इथून पुढं तीन गोष्टी करा. अर्जात 'एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात' असं लिहा. सोबत एक प्रश्न वेगळा विचारा : मूळ संगणकप्रणालीत एकूण नोंदी किती? मग आपल्या फाईलच्या ओळी मोजा आणि दोन्ही आकडे जुळवा. आणि यादी ६५,५३६ वर संपली तर समजा की ती संपलेली नाही, तुटलीय.

आमच्या तीन गावांचं पुढं बरं झालं. यादी पुन्हा काढली, दुसऱ्या संगणकावर उघडली, मुदत वाढवून मिळाली. 'सो' वाल्या गावाची उरलेली अर्धी यादीही लागली. आप्पांचं नाव होतं.

भाऊसाहेबांची नोटीस मागे घेतली गेली. माझा खुलासा पान चारवर आला, दोन इंचाचा. बातमी पान एकवर होती, चार कॉलम. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते फार काही बोलले नाहीत. चहा मागवला आणि म्हणाले, "साहेब, माझा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला आहे. एक फोन करायचा होता."

त्या पोरानं सूचना न वाचता ओके दाबलं. मीही तेच केलं होतं, फक्त माझ्या चुकीवर माझं नाव छापून आलं. खुलाशात माफीचा शब्द नव्हता. तो आज इथं लिहितो. भाऊसाहेब, चुकलं माझं.

तुमच्या गावाच्या कुठल्या यादीत अशी गळती झाली असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. शेवटच्या ओळीचा क्रमांकही लिहा.