श्रद्धा, तर्क आणि ख्रिस्तपुराण

रोमन कॅथॉलिक पंथांत श्रद्धेनें बुद्धीस उंबऱ्याबाहेर उभें केलें आहे, अशी समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. त्या पंथाचें शास्त्र पाहिलें असतां ती टिकत नाहीं. १२७४ सालीं वारलेल्या थॉमस अक्वायनसनें लावून दिलेल्या व्यवस्थेप्रमाणें, ईश्वर आहे व तो जगाचा कर्ता आहे एवढें मनुष्यास स्वतःच्या बुद्धीनें कळूं शकतें. ईश्वराचें त्रैक्य व त्याचा मनुष्यावतार हीं मात्र त्यानें स्वतः प्रकट केल्यावांचून कळत नाहींत. अशीं गूढें तर्कानें सिद्ध होत नाहींत, पण त्यांवरील आक्षेपांचें खंडन तर्कानें करतां येतें. हाच पक्ष व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनें १८७० सालीं ठरावरूपानें मांडला, आणि १९९८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं आपल्या परिपत्रकांत त्याचाच विस्तार केला. आमच्या आचार्यांनींही निव्वळ तर्क अप्रतिष्ठित ठरवून श्रुतीस अनुकूल असा तर्क ठेवून घेतला, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांत परकें असें फारसें आढळणार नाहीं.

ही व्यवस्था मराठी बोलणाऱ्यांच्या दारीं आली तेव्हां तिचें काय झालें, हा खरा इतिहासाचा प्रश्न. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ सालीं तिकडेच वारला. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं साष्टींतील राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथांत पहिलें पुराण जुन्या कराराचें, दुसरें येशूच्या चरित्राचें. स्वर्गास तो खुशाल वैकुंठ म्हणतो! पण शब्दांपेक्षां रचना अधिक बोलकी आहे. आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण द्या, असें एक ब्राह्मण मागतो, आणि पाद्री-गुरु कथा सांगूं लागतो. श्रोते मध्यें थांबवून शंका काढतात; गुरु त्यांचें निरसन करतो.

अमरावती-अकोल्याच्या वाचकास ही रीत ओळखीची वाटेल. येथून जवळच्या ऋद्धिपुरास ज्या म्हाइंभटानें लीळाचरित्र सिद्ध केलें, तो स्वतः विद्येच्या गर्वानें वाद घालावयास चक्रधरांकडे गेलेला पंडित होता. तेथेंही बुद्धि आधीं भांडली, मग नमली.

परंतु दोन्ही ठिकाणचें नमन आम्हांस एका जातीचें वाटत नाहीं. म्हाइंभटास उत्तर पटलें नसतें तर तो उठून घरीं गेला असता. साष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडलीं गेलीं होतीं. गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशनचें न्यायासन होतें, आणि बाप्तिस्मा घेतलेल्यानें पूर्वीच्या धर्माकडे वळणें हा त्याच्यापुढें गुन्हा होता. पुराणांतील श्रोत्यास शंका विचारण्याची मुभा आहे. समाधान न झाल्यास सभा सोडण्याची नाहीं. हा दोष स्टीफन्सच्या लेखणीचा नव्हे, सत्तेचा. तथापि अक्वायनसच्या तर्कास जो प्रतिपक्षी लागतो, तो येथें मोकळा नव्हता, हें विसरून चालणार नाहीं.

स्टीफन्समागून आलेला फ्रेंच जेझुइट एतियेन द ला क्रुआ यानें सेंट पीटरवर ओवीबद्ध पुराण लिहिलें. तें १६२९ ते १६३४ या काळांत गोव्यांत छापलें गेलें. त्यांत तर्काची धार आहे, पण ती सारी हिंदु देवांच्या कथांवर चालते. स्वतःच्या धर्मांतील चमत्कारांपाशीं आली कीं तीच तलवार म्यानांत जाते. स्टीफन्स समजावतो, क्रुआ खोडून काढतो. आम्हांस पहिलाच अधिक बुद्धिवादी वाटतो. (स्वधर्मास श्रद्धा व परधर्मास तर्क ही वांटणी केवळ पाद्र्यांचीच होती असें समजून आमच्यांतील वादपटूंनीं खूष होऊं नये.)

१६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. ज्या भाषेंत शंका विचारायची तीच सोडावयाची होती. ख्रिस्तपुराण १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें होतें, त्यानंतर अडीचशें वर्षें नाहीं. १९०७ सालीं मंगळूरास जोसेफ साल्डाना यांनीं तें काढलें, तें ख्रिस्ती कुटुंबांनीं जपून ठेविलेल्या हस्तलिखित प्रतींवरून. आणि त्या प्रतींत श्रोत्यांच्या शंकाही पाद्री-गुरूच्या उत्तरांबरोबर उतरून घेतलेल्या होत्या.