तांब्यावर कोरलेले चेहरे

सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये राजा, मंत्री आणि धर्माधिकारी यांचे चेहरे घरोघरच्या संग्रहांत पोचले ते तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या व्यक्तिचित्रांमुळे. रंगवलेले चित्र एकाच भिंतीवर राही; छापचित्राच्या प्रती ग्रंथात बांधता येत, भेट देता येत, विकता येत.

कोरक्याचे मुख्य हत्यार म्हणजे ब्युरिन, तिरप्या टोकाची पोलादी कोरणी. तिची मूठ तळहातात टेकवून ती पुढे रेटत. वळणदार रेघ हवी असली, की हाताऐवजी चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच फिरवत. जोर वाढला की रेघ जाड, कमी झाला की बारीक. सारी छायाप्रकाशाची किमया एवढ्यावरच. नंतर खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागदासह पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा. छाप उलटा उमटे, म्हणून कोरताना अक्षरेही उलटी काढावी लागत.

क्लोद मेलाँ याने १६४९ मध्ये ख्रिस्ताचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघालेल्या एकाच चक्राकार रेघेत कोरला. करामत थोरच, पण व्यक्तिचित्राचा खरा कस लागला तो रोबेर नांतॉय याच्या हाती. रँसमध्ये जन्मलेला नांतॉय अनेकदा समोर बसलेल्या माणसाचे चित्र आधी स्वतःच काढी आणि मग ते कोरी. त्यामुळे तो दुसऱ्याच्या चित्राचा निव्वळ नकलाकार उरला नाही. गालावर आखूड रेघा आणि ठिपके, केसांत लांब वळणे, भोवती लंबगोल चौकट आणि खाली नाव व पदव्या, अशी त्याची मांडणी. १६५८ मध्ये चौदाव्या लुईने त्याला दरबारी नेमले. १६६० च्या राजाज्ञेने कोरीवकामाला मुक्त कलेचा दर्जा मिळाला आणि कारागिरांच्या संघांचे बंधन टळले. त्यात नांतॉयचा वाटा मोठा मानतात. १६७८ मध्ये तो वारला, तोवर त्याची दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रे झाली होती.

पुढे एदलिंक आणि द्रेवे पितापुत्रांनी रिगोसारख्या चित्रकारांची भव्य तैलचित्रे तांब्यावर उतरवली. पिएर-अँबेर द्रेवेने १७२३ मध्ये कोरलेल्या बिशप बोस्युएच्या चित्रात लेस आणि रेशीम इतके हुबेहूब आहेत, की नजर चेहऱ्याआधी तिकडेच जाते.

छपाईगणिक पत्रा झिजे आणि बारीक रेघा आधी पुसट होत; साहजिकच दर्दी लोक सुरुवातीच्या प्रतींना जास्त मोल देत. इंग्लंडमध्ये मात्र मेझोटिंटने बाजी मारली. लुडविग फॉन झीगेनने १६४२ मध्ये प्रथम वापरलेल्या या पद्धतीत सगळा पत्रा खरबरीत करून उजेडाच्या जागा घासून गुळगुळीत करतात. हा पत्रा लवकर झिजे, पण कोरीवकामापेक्षा पुष्कळच लवकर तयार होई.