रिकाम्या सज्जातून दिसलेला स्पेन

गार्सिया मार्केसने ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ (१९६७) ज्या दांपत्याला अर्पण केली, त्या होमी गार्सिया आस्कोत व मारिया लुईसा एलिओ यांनी मेक्सिकोत एक चित्रपट निर्मिला होता: ‘एन एल बाल्कोन बासिओ’, अर्थात ‘रिकाम्या सज्जात’ (१९६२).

दोघेही स्पॅनिश यादवी युद्धाचे निर्वासित. होमी कवी व समीक्षक. क्रांतीनंतरच्या क्युबात त्याने काही लघुकथापट दिग्दर्शित केले होते. तिसरा पटकथाकार एमिलिओ गार्सिया रिएरा हाही निर्वासित समीक्षक. मेक्सिकन सिनेमाचा बहुखंडी इतिहास त्याने पुढे लिहिला. मेक्सिकोतील दिग्दर्शक-संघटनेचे दार नवख्यांना जवळजवळ बंदच होते. म्हणून १६ मिमी फीत, सुट्टीचे दिवस आणि नट म्हणून मित्रमंडळी!

खरे भांडवल मारिया लुईसाचे. १९३६ साली पाम्प्लोनात तिच्या न्यायाधीश वडिलांना अटक झाली, तेव्हा ती लहान मुलगी होती. कथा तिच्याच आठवणींतून आली आणि प्रौढ नायिकाही तीच झाली. कसलेल्या अभिनेत्रीला हे साधले असते का, याची शंकाच वाटते.

फ्रँकोच्या स्पेनमध्ये चित्रीकरण अशक्य. पाम्प्लोना मेक्सिकोतच उभे राहिले. लोकार्नो महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तरीही होमीला पुढचा कथापट काढायला दशकाहून अधिक काळ लागला.