दुष्काळातल्या नर्सबाई

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट आमच्या घरात कुणी कधी सरळ सांगितली नाही. आजी मिलोच्या भाकरीपासून सुरुवात करायची, वडील मस्टरवरच्या हजेरीपासून, आणि दोघंही फिरून फिरून नर्सबाईंपाशी यायची. मी जन्मले त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, म्हणजे दुष्काळाच्या ऐन तडाख्यात. तेव्हा पुढचं सगळं ऐकीव आहे, आणि सांगणाऱ्यांचं आपसात पटत नव्हतं हेही आधीच सांगून ठेवते.

आमचा तालुका मंगळवेढा. मालदांडी ज्वारीचं कोठार. तिथल्या काळ्या रानाला वेळेवर पाऊस झाला की नुसत्या ओलीवर कणसं भरतात. पण दोन-तीन वर्षं पाऊस ओढ देत गेला आणि १९७२ साली त्यानं पाठच फिरवली. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाल्लेल्या तोंडांना ती उतरेना. “थापाय घेतली की चिरायची बघ,” आजी म्हणायची. “जनावरांनी खाल्ली असती, पर जनावरं कुठं ऱ्हायली हुती?”

सगळं गाव दुष्काळी कामावर. कुठं पाझर तलाव, कुठं नालाबंडिंग, आमच्याकडं खडी फोडणं. वि. स. पाग्यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी तेव्हा नुकतीच रांगत होती. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती म्हणतात. त्यातच माझे आई-वडील, आणि आईच्या पोटात मी.

माझ्याआधीचं एक मूल आठवड्याच्या आत धनुर्वातानं गेलेलं. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे. आई ओटीपोटावर पदर ओढून खडी फोडायची आणि वडील चार हातांवर पाठमोरे बसून फोडायचे. एकमेकांकडं बघायचं टाळायचे, असं आत्या सांगते.

नर्सबाई सरकारी उपकेंद्रातल्या. आजीच्या मते त्या पुण्याच्या सेवासदनात शिकलेल्या. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी उभी केलेली ती संस्था. विधवांना, टाकलेल्या बायकांना तिनं नर्सिंगच्या वाटेला लावलं, तेही नर्सचं काम हलकं समजत त्या काळात. वडील मात्र ठासून सांगायचे, “छे, सोलापुरातच शिकल्या त्या.” त्या सायकलवरून यायच्या की पायी, यावरही दोघांचा वाद. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी आणि पिशवीत लोहाच्या गोळ्या, एवढ्यावर एकमत. गरोदर बायांना त्या गोळ्या द्यायची सरकारी योजना १९७० पासूनची. बाया त्या घेऊन गुपचूप फेकून द्यायच्या, कारण त्यांनी मळमळायचं. म्हणून नर्सबाई समोर उभ्या राहून गिळायला लावायच्या.

एकदा त्या थेट मुकादमासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “हिच्या हातातला हातोडा काढा.”

“मग हजेरी कशी लावू, बाई? वरून विचारतील.”

“झाडाला एवढ्या झोळ्या टांगल्यात, त्यातली पोरं कोण बघतंय? हिला तिथं बसवा. ते काम नाही होय?”

मुकादम डोकं खाजवत राहिला, पण आईची हजेरी लागली. पुढं गावातल्या आणखी दोन-तीन पोटुशी बायाही त्या झोळ्यांपाशी आल्या. वडिलांना याचं फार अप्रूप. मला मात्र नवल वाटतं ते त्या वडिलांशी बोलल्या याचं. बाळंतपणात पुरुषाला कोण विचारतं? त्याला ओसरीवर बसवायचं आणि पाणी आणायला पिटाळायचं, एवढीच रीत. दुपारच्या सुट्टीत सुकडी खाताना नर्सबाई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. “भ्यालात ना?” म्हणाल्या. वडील गप्प. “मग ते तिला सांगा. आपण एकटीच भितोय असं वाटतंय तिला.”

त्यांनी सांगितलं का? वडिलांनी हे कधी कबूल केलं नाही. आई मला कळायच्या आधीच गेली, त्यामुळे तिची बाजू मिळाली नाही. आत्या म्हणते, त्या दिवसापासून दोघं शेजारी बसून खडी... नाही, खडी नाही, आईचं ते काम सुटलं होतं. जेवायला शेजारी बसायची, बस.

बाळंतपण घरातच झालं. टँकर चार दिवसांआड, त्यामुळे घरातल्या रांजणाचा तळ दिसत होता. नर्सबाई दिवस मावळायच्या आत तांब्या घेऊन गल्लीत फिरल्या. कुणी तांब्याभर दिलं, कुणी पेलाभर. ज्या घराशी आमचा बांधावरून दावा होता त्या घरानंही दिलं. आजी त्यांचं नाव घेताना कायम कपाळाला आठ्या घालायची, पण हे सांगायला चुकायची नाही. दोन घागरी भरल्या. चुलीवर ब्लेड आणि दोरा खळखळ उकळला. गावची सुईणही आली होती, तिला त्यांनी बाजूला सारलं नाही. “पोटाला हात तुमचा, नाळेला माझा,” असं वाटून घेतलं. आदल्या वेळची नाळ कशानं कापली होती हे मात्र त्यांनी कुणालाच विचारलं नाही, सुईणीलाही नाही.

बाळंतिणीला डिंक, खारीक, हळीव कुठून आणायचं? आजीनं कामावरची सुकडी पाण्यात शिजवून तिची खीर केली आणि वर चिमूटभर सुंठ टाकली. ती सुंठ नर्सबाईंच्या पिशवीतली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी घुसले, तेव्हा अंजली कुलथे या परिचारिकेनं वॉर्डातल्या २० गरोदर बायांना आतल्या पँट्रीत सुरक्षित नेलं. कळा सुरू झालेल्या एकीला तर भिंतीच्या कडेकडेनं प्रसूतिकक्षात पोचवलं. ती बातमी वाचून दाखवली तेव्हा नव्वदीला टेकलेली आजी एवढंच म्हणाली, “नर्सबाईच की गं.”

आमच्या नर्सबाईंची बदली झाली आणि मग पत्ता लागला नाही. आता गावात उपकेंद्राच्या सिस्टर आहेत, आशाताई आहेत. त्या दारात आल्या की कागदावर सही करून वाटेला लावू नका. आत बोलवा, चहा टाका, आणि घरातल्या होऊ घातलेल्या बापालाही तिथंच बसवा.