पाच डॉलरचे तिकीट

श्रोतेहो, कलावंताने स्वतंत्र असावे हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की, त्याचा अर्थ विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. स्वतंत्र म्हणजे कोणापासून स्वतंत्र? आणि त्या स्वातंत्र्याचा खर्च कोणी सोसावयाचा? आपल्या संगीत नाटक मंडळ्यांच्या इतिहासात हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. मखमली पडदे आणि भरजरी शालू रंगभूमीवर आले, त्यांच्या मागोमाग सावकारही आला. आणि ज्या बालगंधर्वांच्या गळ्यावर अवघा महाराष्ट्र लुब्ध होता, त्यांना कित्येक वर्षे कर्ज फेडण्यासाठी गावे लागले. आज मी सांगणार आहे ती हकीकत मात्र आपल्यापासून फार दूरची, अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराची आहे. तेथील चार तरुणांनी इ. स. १९८७ मध्ये एक वाद्यवृंद उभा केला आणि पंधरा वर्षे तो अशा बेताने चालविला की, आपले गाणे कोणाकडे गहाण टाकण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही. त्या वाद्यवृंदाचे नाव फुगाझी.

बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीपुढे चालणारे, लाल डगले घातलेले वाजंत्री उभे राहतात. पाश्चात्त्य रॉक संगीतातील बँड निराळा. विजेवर वाजणाऱ्या एकदोन गिटारी, खर्जातील स्वर सांभाळणारी बेस गिटार, एक ड्रमवादक आणि बहुधा त्यांनी स्वतःच रचलेली गाणी, एवढाच या मंडळीचा संसार. परंतु १९५० नंतर अमेरिकेत या संगीताचा प्रचंड व्यापार झाला आणि तो थोड्याशा बलाढ्य कंपन्यांच्या हाती गेला. तरुण गवयाने करारावर सही करावी, आगाऊ रक्कम घ्यावी आणि ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीच्या स्वाधीन करावी. ती रक्कम फिटेपर्यंत त्याचे मानधन कंपनीने कापून घ्यावे, अशी तेथील सर्वसाधारण रीत. १९७५ च्या सुमारास पंक नावाचा जो बंडखोर प्रवाह निघाला, त्याने या रीतीलाच आव्हान दिले. गाण्यासाठी ना कंपनीची परवानगी हवी, ना पंडिताचे प्रशस्तिपत्र, असे त्याचे म्हणणे. या प्रवाहातूनच पुढे ज्याला पर्यायी रॉक म्हणू लागले, ते संगीत वाढले.

वॉशिंग्टनमध्ये ही हवा शाळकरी मुलांपर्यंत पोचली. इअन मकाय आणि जेफ नेल्सन या मुलांनी आपल्या मित्रांसह टीन आयडल्स नावाचा बँड काढला होता. १९८० मध्ये ही मुले कॅलिफोर्नियात कार्यक्रमासाठी गेली असता एक लहानसा प्रसंग घडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या क्लबात त्यांना वाजवावयाचे होते तेथे मद्य विकले जाई, आणि ही मुले तर अल्पवयीन. क्लबाच्या चालकांनी त्यांना बाहेर न काढता, मद्य देऊ नये याची खूण म्हणून त्यांच्या हातांवर शाईने फुलीची मोठी खूण काढली आणि आत घेतले. परत आल्यावर मुलांनी आपल्या गावच्या क्लबचालकांना हीच युक्ती सुचविली. मद्याच्या कायद्यामुळे संगीतही अल्पवयीनांना बंद का असावे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे फुगाझीने सर्व वयांच्या श्रोत्यांना मुक्त प्रवेशाचा जो आग्रह जन्मभर धरला, त्याचे मूळ या फुलीत आहे.

टीन आयडल्स वर्षभरातच मोडला. कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर तेवढे शिल्लक राहिले. ते वाटून घेण्याऐवजी मुलांनी आपल्या गाण्यांच्या एक हजार तबकड्या काढल्या. वेष्टनांचे कागद स्वतः कापले, घडी घातले, डिंकाने चिकटविले. तबकडीवर संस्थेचे नाव हवे म्हणून डिसकॉर्ड हे नाव ठेवले. त्यात बेसूरपणा आणि बेबनाव या दोन्हींचा श्लेष आहे. विक्रीतून पैसे आले तसतशी मित्रांच्या बँडांची ध्वनिमुद्रणे निघू लागली. केवळ वॉशिंग्टन आणि आसपासच्या बँडांचीच तबकडी काढावी, लेखी करार करू नये, खर्च वजा जाता उरेल तो नफा वाटून घ्यावा, हे या संस्थेचे नियम झाले. पोटोमॅक नदीपलीकडील आर्लिंग्टन येथील एक भाड्याचे घर हेच तिचे कार्यालय बनले.

१९८७ च्या ३ सप्टेंबरला वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये फुगाझीचा पहिला कार्यक्रम झाला. इअन मकाय गिटारवर, जो लॅली बेसवर आणि ब्रेंडन कँटी ड्रमवर होते. चौथे गाय पिचोटो हळूहळू त्यांच्यात आले. प्रथम केवळ गाण्यासाठी, मागाहून गिटार घेऊन. फुगाझी हा शब्द व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांच्या बोलीतला. सर्वनाश ओढवलेली स्थिती, असा काहीसा त्याचा भाव. तेव्हाचे पंक संगीत म्हणजे वेगाचा एकच लोंढा असे. फुगाझीने त्यात विराम आणला. लॅलींच्या बेसवादनात जमेकाच्या रेगे संगीताचा संथ ठेका होता. त्यावर गिटारी अकस्मात कडाडत आणि तितक्याच अकस्मात थांबत. ती मधली शांतता हेच त्यांच्या वादनाचे खरे वैशिष्ट्य होय. वेटिंग रूम हे त्यांचे प्रसिद्ध गीत ऐकणाऱ्यास आरंभीच असा एक निःस्तब्ध क्षण भेटतो. पहिल्या दोन छोट्या तबकड्या १९८९ मध्ये थर्टीन साँग्ज या नावाने एकत्र आल्या, आणि १९९० मध्ये रिपीटर हा त्यांचा पहिला मोठा संग्रह निघाला.

परंतु माझ्या आजच्या विषयाचा गाभा त्यांच्या सुरांइतकाच त्यांच्या जमाखर्चात आहे. कार्यक्रमाचे तिकीट शक्यतो पाच डॉलरच असावे, असा त्यांनी नियम केला. पाचशे माणसे आली तर अडीच हजार डॉलर जमणार. त्यातून सभागृहाचे भाडे जावयाचे, गाडीचे तेल जावयाचे आणि चौघांची पोटे भरावयाची. तेव्हा व्यवस्थापक नेमला नाही. कार्यक्रम ठरविण्याचे काम मकाय स्वतःच दूरध्वनीवरून करीत. हॉटेलांऐवजी मित्रांच्या घरी जमिनीवर झोपत. आपले नाव छापलेले सदरे विकून पैसा करण्याची अमेरिकन बँडांची सर्वत्र रूढ असलेली पद्धत त्यांनी साफ नाकारली. नेहमीच्या नाट्यगृहांची अट मान्य नसेल तर शाळांची सभागृहे, चर्चची तळघरे, कामगारांचे दिवाणखाने शोधत. तबकडीच्या वेष्टनावर टपालखर्चासह किंमत छापलेली असे, म्हणजे मधल्या दुकानदाराने ती वाटेल तशी वाढवू नये. स्वस्त तिकीट म्हणजे श्रोत्यांवर उपकार, अशी त्यांची समजूत नव्हती. तिकीट स्वस्त म्हणून राहणी साधी, राहणी साधी म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून कोणाचे ऐकणे नाही, अशी ही साखळी होती. तिचा एक दुवा काढला असता तर सारी साखळीच निखळली असती.

श्रोत्यांविषयीही त्यांची शिस्त कडक होती. अशा कार्यक्रमांत रंगमंचापुढे तरुणांची धक्काबुक्की चाले. दणकट मुले पुढे घुसत आणि मुली, लहान मुले मागे रेटली जात. फुगाझी गाणे मध्येच थांबवून दांडगाई करणाऱ्यास शांतपणे समज देत. तेवढ्याने भागले नाही तर त्यास बाहेर नेऊन त्याचे पाच डॉलर परत हातावर ठेवीत. पैसे घेतले आहेत म्हणून तुझे सर्व काही सोसू असे नाही, हा त्याचा अर्थ. आपल्या गावी तर ते बहुतेक वेळा विनामूल्य अथवा एखाद्या लोकोपयोगी कार्यासाठीच वाजवीत. फोर्ट रेनो उद्यानातील त्यांचे उन्हाळी कार्यक्रम प्रसिद्धच होते. १२ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्धाला तोंड लागण्यास अवघे काही दिवस उरले असता, त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोरील लाफाएट उद्यानात थंडीत उभे राहून युद्धविरोधी कार्यक्रम केला.

येथवर गोष्ट सोपी होती. लोभ दाखविणारा कोणी नसता निर्लोभी राहणे अवघड नसते. १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा नेव्हरमाइंड हा संग्रह गेफेन कंपनीमार्फत निघाला आणि त्याने बाजार जिंकला. काल ज्यांना तळघरांत वाजवावे लागत होते, त्यांच्या दारी बड्या कंपन्यांचे प्रतिनिधी उभे राहू लागले. खुद्द डिसकॉर्डचे जॉबॉक्स आणि शडर टु थिंक हे दोन बँड मोठ्या कंपन्यांकडे गेले. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या रोझलँड सभागृहातील कार्यक्रमाच्या वेळी अटलांटिक कंपनीचे संस्थापक अहमेट एर्तेगुन स्वतः फुगाझीस भेटावयास आले. रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन अशा थोर कृष्णवर्णीय गायकांची ध्वनिमुद्रणे काढणारा हा रसिक गृहस्थ. त्यांच्याविषयी या तरुणांना आदरच होता. तरीही त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्याच वर्षी निघालेला इन ऑन द किल टेकर हा त्यांचा संग्रह कोणत्याही बड्या कंपनीच्या जाहिरातीवाचून बिलबोर्ड नियतकालिकाच्या पहिल्या दोनशेंच्या यादीत गेला. विशेष हे की, या संग्रहाचे शिकागो येथे केलेले आधीचे ध्वनिमुद्रण मनास न आल्यामुळे त्यांनी बाजूस ठेवले आणि सर्व गाणी नव्याने मुद्रित केली. ठरलेल्या दिवशी माल हवा म्हणून तगादा लावणारे कोणी नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले.

या हकीकतीची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती एक बोधकथा होईल, इतिहास होणार नाही. डिसकॉर्ड ही संस्था सर्वस्वी स्वतःच्या पायांवर उभी होती असे नाही. लंडनच्या जॉन लोडर यांच्या सदर्न या संस्थेने तबकड्या काढण्याचा खर्च आधी करावा आणि विक्रीतून वळता करून घ्यावा, अशी सोय तिला मिळाली होती. उधारी होती, फक्त तिच्यापोटी गाण्याची मालकी जात नव्हती. दुसरे असे की, हे व्रत सर्वांना झेपण्यासारखे नव्हते. ज्यांच्यावर संसाराचा भार, ज्यांच्यापाशी मित्रांची घरे नाहीत, त्यांना हा मार्ग बंदच होता. काहींना या बँडमध्ये सोवळेपणाचा वास येई. मकायच्या पूर्वीच्या मायनर थ्रेट या बँडच्या एका गीतातून मद्य-तंबाखू वर्ज्य करणाऱ्या तरुणांचा एक पंथच निघाला होता, त्यामुळे या आक्षेपास बळ मिळे. मात्र फुगाझीने आपले नियम दुसऱ्यांवर लादले नाहीत, हे नमूद केले पाहिजे. जॉबॉक्सचा जो संग्रह १९९४ मध्ये अटलांटिककडून निघाला होता, तोच पुढे २००९ मध्ये त्या बँडच्या स्वतःच्या डी सोटो संस्थेबरोबर डिसकॉर्डने पुन्हा प्रसिद्ध केला.

२००१ मध्ये द आर्ग्युमेंट हा फुगाझीचा शेवटचा संग्रह निघाला. जाणकारांपैकी अनेकांच्या मते तो त्यांचा सर्वांत परिपक्व संग्रह होय. ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या फोरम सभागृहात त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. भांडण नाही, निरोपसमारंभ नाही. घरी मुलेबाळे वाढत होती, वडीलधाऱ्यांकडे पाहावयाचे होते, म्हणून त्यांनी वाजविणे थांबविले. पुनर्मीलनाचे कार्यक्रम करून भरमसाट पैसा मिळविण्याची प्रथा त्यांच्या समकालीनांत बोकाळली, तरी त्यांनी तिकडे पाहिले नाही. मैत्री मात्र टिकली, आणि चौघेही आपापल्या परीने संगीतात राहिले.

त्यांनी एक गोष्ट केली. पंधरा वर्षांत झालेल्या सुमारे हजार कार्यक्रमांपैकी आठशेहून अधिक कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण त्यांच्यापाशी होते. २०११ च्या डिसेंबरपासून ते इंटरनेटद्वारे सर्वांना खुले करण्यास त्यांनी आरंभ केला. चुकलेले स्वर, तुटलेल्या तारा, श्रोत्यांशी झालेली हुज्जत, सर्व काही जसेच्या तसे. एका कार्यक्रमाची सुचविलेली किंमत काय असावी? पाच डॉलर! श्रोत्याने इच्छेप्रमाणे एक डॉलर द्यावा किंवा शंभर द्यावेत, अशीही मुभा ठेवली.

श्रोतेहो, आरंभी मी कर्जासाठी गाणाऱ्या थोर नटाची आठवण काढली, ती त्यांना उणेपणा देण्यासाठी खचितच नव्हे. वैभव हाही कलेचा एक धर्म आहे आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. परंतु कर्जात बुडालेल्या गवयाच्या हातून सर्वांत आधी जे जाते, ते थांबण्याचे स्वातंत्र्य. गळा थकला तरी त्याला गावे लागते. वॉशिंग्टनच्या या चौघांनी पाच डॉलरच्या तिकिटातून धन जोडले नाही. आपल्या इच्छेने गावे आणि आपल्या इच्छेने थांबावे, एवढे मात्र त्यांनी त्यातून मिळविले.