सोलापूरचे भाषण, मोशे आणि बुद्ध

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धर्मचिंतनाचा आलेख आपण वर्गात बहुधा सरळ रेषेत काढतो : कृ. अ. केळुसकरांनी भेट दिलेले बुद्धचरित्र, १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा. या रेषेला सोलापुरात एक लक्षणीय वळण आहे. १९३८ च्या आरंभी येथील ख्रिस्ती समाजापुढे त्यांनी भाषण केले. ५ फेब्रुवारीच्या 'जनता'त ते छापून आले. धर्मांचा तौलनिक अभ्यास करताना आपल्याला बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आकृष्ट केले, असे ते तेथे म्हणाले. आणि त्याच श्रोत्यांना त्यांच्यातील जातिभेदाबद्दल व राजकीय उदासीनतेबद्दल खडे बोलही सुनावले. यजमानांना हे कितपत रुचले असेल, कोण जाणे!

तीन वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांनी 'बॉम्बे सेंटिनेल'मध्ये मोझेसवर लेख लिहिला. (मराठी बायबलचा वाचक त्याला मोशे म्हणून ओळखतो.) म्हणजे ख्रिस्ताच्याही मागे, यहुदी परंपरेच्या मुळाशी ते गेले. तेथे त्यांना ईश्वर शोधायचा नव्हता. मिसरमधील दास्यातून निघालेले, वाटेत आपल्याच नेत्यावर कुरकुरणारे लोक आणि तरीही त्यांना न सोडणारा मोशे, यांत त्यांना अस्पृश्यांसाठी आशा दिसली. बुद्धाच्या चरित्रात गृहत्याग आहे. एका अख्ख्या समाजाचे दास्यातून निर्गमन मात्र तेथे नाही. ते मोशेच्या कथेत आहे.

याला दोन धर्मांचा समन्वय म्हणणे मला घाईचे वाटते. यहुदी धर्माचा गाभा असलेला ईश्वराशी करार बाबासाहेबांना मान्य होणे शक्यच नव्हते. तरीही नागपूरच्या बावीस प्रतिज्ञा वाचताना दहा आज्ञा आठवतात. दोन्हींचा आरंभ अन्य देवतांच्या नकाराने होतो. फरक क्रियापदांत आहे, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने तो जरूर पाहावा. आज्ञा 'तू' ला उद्देशून आहेत, देणारा वर आहे. प्रतिज्ञा 'मी' ने सुरू होतात; त्या उच्चारणाराच त्यांचा कर्ता असतो. समूहाने एकत्र निघायचे, पण प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने, असा तो मार्ग होता.

मोशेला कनान दुरूनच दिसला. दीक्षेनंतर दोन महिने पुरे होण्याआधी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.