खोलून शिकलेली यांत्रिकी

कोल्हापुरात खरी कॉर्नरला एक स्तंभ आहे, त्याच्या माथ्यावर कॅमेरा. लोक त्याला सिनेमाचं स्मारक म्हणतात. या शहरात यंत्र कसं शिकलं जायचं, याचीही ती खूण आहे.

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) मूळचे मेस्त्री. शाळा फारशी झाली नाही, पण कारागिराच्या घरात हत्यारं लहानपणापासून हाताशी होती. पुढे नात्यातले भाऊ आनंदराव आणि बाबूराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. मुंबईहून जुना प्रोजेक्टर आणून त्यांनी खेळ लावले. मग कॅमेराच करायचं ठरलं. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं १९१८ मध्ये तो पुरा केला.

यात अवघड काय होतं? फिल्म सलग ओढली तर चित्र पुसट होतं. ती एक चौकट सरकली पाहिजे, क्षणभर ठाम थांबली पाहिजे, तेवढ्यातच शटर उघडून मिटलं पाहिजे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चौकटीला कडेची चार भोकं. त्यांत नखी अडकते, फिल्म खाली ओढते, सुटते आणि परत वर जाते. त्या काळच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात साधारण आठ चित्रं आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा वेळा ही कसरत. हँडल गोल फिरणार, नखी मात्र वर-खाली होणार आणि मध्येच थांबणार. हे कॅमचं, म्हणजे ठरावीक वक्र कडेच्या फिरत्या तुकड्याचं, काम. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आज तो वक्र कागदावर काढतो. बाबूराव-दामल्यांना तो धातूत उतरवावा लागला.

युरोपात हा विषय शिकवायला खास प्रतिकृती होत्या. जर्मनीत फ्रान्झ रुलो यांनी यंत्ररचनांचे शेकडो नमुने घडवले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं त्यांचा मोठा संच १८८२ मध्ये विकत घेतला. पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ पासून होता. कोल्हापूरच्या या मंडळींपुढे मात्र नमुना एकच, तो जुना प्रोजेक्टर.

याच कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ चित्रित झाला आणि १९२० साली झळकला. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी हीच मग शाळा झाली. तिथं पडेल ते काम करत दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी केली. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांनीच सांभाळली. एक यंत्र मुळापासून समजलेला माणूस दुसऱ्याला बिचकत नाही.

पुढे ‘प्रभात’ पुण्याला गेली, मेस्त्रीपण कोल्हापुरात राहिलं. जुन्या कारागिरांपैकी म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही इथं आदरानं घेतात. उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत ऑइल इंजिनं, ओतकाम, लेथ यांवर पिढ्या घडल्या. पोरगं आधी झाडलोट करी, मग कानस धरी, लेथला हात फार उशिरा लागे. या रीतीत उणीवही होती, ती झाकू नये. कुठला भाग किती ताण सोसेल, हे गणितानं आधी सांगता येत नसे, मोडल्यावर कळे.

ते गणित १९८३ साली केआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज निघाल्यावर शहराच्या उंबऱ्यावर आलं. आता कॅमचा धडा जुना प्रोजेक्टर वर्गात खोलून सुरू करावा, मुलांनी वक्राचं गणित स्वतः मांडावं आणि तो कॅम उद्यमनगरातल्या एखाद्या मेस्त्रीसमोर बसून कापून घ्यावा. तिथं कोणती मिती हुकली, हे त्यांना त्याच दुपारी कळेल.